रोहिणी ते मांजरा : परिसराच्या धड्याचा इतिहास

प्राथमिक शाळेतील 'परिसर अभ्यास' हा विषय महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. सजीव व निर्जीव, वनस्पती व प्राणी, अन्न कोठून येते, पाणी कोठे मुरते, अशा क्रमाने हा विषय मुलांपुढे मांडला जातो. माणूस परिसरावर अवलंबून असतो, म्हणून त्याने परिसराचे रक्षण केले पाहिजे, हा त्याचा गाभा होय. विधान निर्विवाद आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील 'माणूस' या शब्दापाशी थोडे थांबावयास हवे. कोणता माणूस? गावातील विहिरीवर, नदीच्या घाटावर, गायरानावर आणि रानातील जळणावर सर्व माणसांचे अवलंबन सारखे होते काय? आणि ज्यांना त्या विहिरीच्या काठावर उभे राहण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या मुलांना हा धडा कोणत्या इतिहासासह शिकवावयाचा?

नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुका या प्रश्नासाठी विशेष सोयीचा आहे. तालुक्याच्या एका अंगाने मांजरा नदी वाहते. तिच्या पलीकडे तेलंगणाचा निजामाबाद जिल्हा लागतो. थोडे खाली गेल्यावर, पलीकडच्या कंदकुर्तीजवळ, मांजरा गोदावरीस मिळते. बिलोलीच्या मुलाला नदी आणि सीमा या दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. पाणी कोठून येते हा त्याच्या पाठ्यपुस्तकातील प्रश्न, आणि पाणी कोणाचे हा त्याच्या तालुक्यातील प्रश्न. पहिल्या प्रश्नाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. दुसऱ्याचा फारसा नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांना जोडणारे काही दुवे बौद्ध परंपरेतून आणि आंबेडकरी चळवळीतून शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभ भगवान बुद्धांपासून करणे क्रमप्राप्त आहे, पण तो नेहमीच्या वाटेने करावयाचा नाही. 'बुद्ध आणि निसर्ग' असे म्हटले की लुंबिनीचा शालवृक्ष, उरुवेलेचा पिंपळ, सारनाथचे मृगदाव आणि कुसिनाराचे जुळे शालवृक्ष यांची यादी देण्याची पद्धत पडली आहे. ही यादी खरी आहे. परंतु तिच्यावरून मुलांना काय शिकवावे हे ठरत नाही. बुद्धांनी प्रत्यक्ष मुलांना या बाबतीत काय सांगितले, याची नोंद पाली वाङ्मयात आहे आणि ती अधिक उपयोगाची आहे. 'उदान' या ग्रंथात असा प्रसंग येतो, की श्रावस्ती आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडून त्यांचा छळ करीत होती. बुद्ध त्यांच्याजवळ गेले. त्यांनी मुलांना रागे भरले नाही, पापाची भीती घातली नाही, मासे अमुक देवतेचे आहेत असेही सांगितले नाही. त्यांनी केवळ विचारले, तुम्हांला दुःखाची भीती वाटते का? दुःख तुम्हांला नको असते का? मुलांनी होकार दिला. पुढचा उपदेश त्या होकारावरच उभा आहे. साप काठीने मारणाऱ्या मुलांचाही असाच एक प्रसंग त्याच ग्रंथात आहे.

दुसरा प्रसंग राहुलाचा. 'मज्झिमनिकाया'तील अंबलट्ठिका येथील उपदेशात बुद्ध पाय धुण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी राहुलाला दाखवतात, मग ते ओतून देतात, मग भांडे पालथे करतात. विषय खोटे बोलण्याचा आहे, पर्यावरणाचा नव्हे. तथापि अध्यापनाची रीत पाहण्यासारखी आहे. हाताशी असलेली वस्तू घ्यावयाची, तिच्यावर प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर मुलाकडून काढावयाचे. पुढे आरशाचा दृष्टान्त येतो. आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावयाचे, की तिच्यामुळे मला, इतरांना किंवा दोघांनाही इजा होते काय. परिणामांचा विचार तीन वेळा करावयास लावणारी ही शिस्त आजच्या कोणत्याही परिसरशिक्षणाच्या आराखड्यात शोभून दिसेल.

विनयपिटकातील नियम हे भिक्षूंसाठी आहेत, मुलांसाठी नाहीत. तरी त्यांची उत्पत्ती कशी झाली हे मुलांना सांगण्याजोगे आहे. वर्षावासाचा नियम घ्या. पावसाळ्यातही भिक्षू चारिका करीत, हिरवे गवत तुडवीत, लहान जीव पायाखाली चिरडत. लोकांनी याबद्दल कुरकूर केली, इतर पंथांचे परिव्राजक तरी पावसाळ्यात एका ठिकाणी राहतात असे म्हटले, आणि तथागतांनी वर्षावास सांगितला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी, की हा नियम ज्यांचे शेत तुडवले जात होते त्यांच्या तक्रारीतून आला. झाडे तोडण्याविरुद्धचा पाचित्तिय नियमही आळवीच्या भिक्षूंनी बांधकामासाठी झाडे तोडली तेव्हा लोकांनी केलेल्या टीकेतून आला. वृक्षदेवतेची कथा त्यास जोडलेली आहे. ती बाजूला ठेवली तरी नियम उभा राहतो. जमीन खणू नये, जीवजंतू असलेले पाणी ओतू नये, हिरव्या वनस्पतींवर किंवा पाण्यात घाण करू नये, हे नियम त्याच जातीचे. शेवटचा नियम तर आजच्या स्वच्छता अभियानाच्या भिंतीवर जसाच्या तसा रंगवता येईल.

सम्राट अशोकाने हा विचार राज्यकारभारात आणला. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी अशी दोन प्रकारची चिकित्सा, औषधी वनस्पती जेथे नाहीत तेथे आणून लावणे, रस्त्यांवर विहिरी खोदणे आणि झाडे लावणे यांचा उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, न मारावयाच्या प्राण्यांची यादी दिली आहे. त्या यादीत पोपट, मैना, वटवाघळे, कासव, साळिंदर आहेत. जिवंत किडे असलेला भुसा जाळू नये आणि विनाकारण वा प्राणी मारण्यासाठी जंगलास आग लावू नये, असेही तेथे बजावले आहे. सातव्या स्तंभलेखातील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. वडाची झाडे, आमराया आणि विहिरी यांचा उल्लेख करून अशोक म्हणतो, की अशी सुखे पूर्वीच्या राजांनीही लोकांना दिली होती. आपण हे केले ते लोकांनी धम्माप्रमाणे वागावे यासाठी. म्हणजे झाड हे त्याच्या दृष्टीने सावलीपुरते नव्हते, ते शिकवणीचे साधन होते. अशोकाचे नाव ज्या लेखामुळे निःसंशय ठरले, तो मस्कीचा लेख १९१५ साली निजामाच्या राज्यातच, रायचूर जिल्ह्यात सापडला. त्या वेळी बिलोली त्याच राज्यात होती. हैदराबाद संस्थानातील किती शाळांत ही गोष्ट सांगितली गेली असेल, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथपर्यंतची परंपरा करुणेची आहे. तीत 'पाणी कोणाचे' हा प्रश्न अजून पुढे आलेला नाही. तो पुढे येतो तो रोहिणी नदीच्या प्रसंगात.

शाक्य आणि कोलिय यांच्या राज्यांच्या मधून रोहिणी नदी वाहत होती. दोघेही तिच्या पाण्यावर शेती करीत. पाणी कमी झाले, की आधी कोणी घ्यावे यावरून तंटा होई. पाली अट्ठकथांनुसार हा तंटा बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे. दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी असताना बुद्ध मध्ये गेले आणि पाण्याचे मोल अधिक की माणसांच्या रक्ताचे, असे त्यांनी विचारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या, १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा प्रसंग उचलून सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून एकोणतीस वर्षांचा पुरुष घर सोडतो, ही परंपरागत कथा त्यांना पटण्याजोगी वाटली नाही. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद आहे. दोन्ही बाजूंचे सेवक पाण्यावरून भांडतात, जखमी होतात. सेनापती युद्धाचा ठराव मांडतो. सिद्धार्थ त्यास विरोध करतो. त्याची सूचना अशी, की दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाच जणांनी तंटा मिटवावा. ठराव बहुमताने फेटाळला जातो. सिद्धार्थ युद्धात सामील होण्यास नकार देतो. कुटुंबावर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल, असे त्याला बजावले जाते. तेव्हा कुटुंबास झळ लागू नये म्हणून तो परिव्रज्या स्वीकारतो.

पाण्याचा तंटा, बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातील आपल्या वस्तीस हे तीन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ज्या पुरुषाने महाडला ओंजळीने पाणी घेतले, आणि ज्याने पुढे मध्यवर्ती सरकारच्या मजूर खात्यात दामोदर व महानदी खोऱ्यांच्या योजनांचा विचार केला, त्यानेच तथागतांच्या जीवनाचे मूळ एका नदीच्या वाटपात पाहावे, यास आम्ही योगायोग मानत नाही. पंडितांनी या मांडणीवर आक्षेप घेतले आहेत. त्यांचा विचार येथे कर्तव्य नाही. मुलांना शिकवण्याच्या दृष्टीने पाहिले, तर चार दृश्यांची कथा ऐकून मूल घाबरते. रोहिणीची कथा ऐकून ते विचारते, 'मग पाणी कोणाला मिळाले?'

हा प्रश्न शाळेत विचारला जावा, यासाठी महात्मा जोतीराव फुले यांनी एकोणिसाव्या शतकातच प्रयत्न केला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगास दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी, १८८३ साली, 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण झाला. त्यात जंगल खात्याने गायराने आणि डोंगर ताब्यात घेतल्यामुळे गरीब शेतकऱ्याची गुरे, जळण आणि रानमेवा कसा हिरावला गेला, हे आहे. डोंगरावरील पालापाचोळ्याचे आणि मेलेल्या जीवजंतूंचे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरते, म्हणून फौजेतील व पोलिसांतील रिकाम्या माणसांकडून ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, पाणी शेतात मुरवून मग ओढ्यास जाऊ द्यावे, अशी त्यांची सूचना आहे. पाणाडी लोकांकडून गावोगाव झऱ्यांच्या जागा शोधून त्या गावच्या नकाशावर दाखवाव्यात, असेही ते सुचवतात. आज ज्यास पाणलोट क्षेत्र विकास म्हणतात, त्याचे हे मराठीतील एक आरंभीचे आणि अत्यंत सुबोध विवेचन होय. मृदा, पाणी, जंगल आणि सत्ता हे चारही विषय जोतीरावांनी एकत्र पाहिले. नंतरच्या पाठ्यपुस्तकांनी त्यांपैकी चौथा विषय नागरिकशास्त्राकडे पाठवून दिला.

आता एका शब्दाकडे वळू. परिसराच्या धड्यात 'प्रदूषण' हा शब्द येतोच. कारखान्याचे सांडपाणी, प्लास्टिक, रासायनिक खते यांनी पाणी दूषित होते, हे मुलांना शिकवले जाते आणि ते योग्यच आहे. पण मराठी भाषेत पाणी घाण होण्यासाठी या शब्दाच्या शेकडो वर्षे आधीपासून एक शब्द होता : विटाळ. त्या शब्दाप्रमाणे पाणी घाण करणारी वस्तू सांडपाणी नव्हती, माणूस होती. ज्या पाण्यात गुरे डुंबत आणि कुत्री तोंड घालत, ते पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटत असे. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांत याची दोन चित्रे आहेत. पहिले १९०१ च्या सुमाराचे. सातारहून वडिलांच्या भेटीस गोरेगावला निघालेली लहान मुले, मसूर स्टेशनवरून बैलगाडीचा प्रवास, बरोबर खाण्याचे पदार्थ आहेत पण पाणी नाही, आणि रात्री जकात नाक्यावरही पाणी मिळत नाही. त्याच आठवणीत शाळेतील शिपायाचीही हकीकत येते : मुलाने नळास हात लावावयाचा नाही, शिपाई असला तर पाणी, नसला तर तहान. दुसरे चित्र मराठवाड्यातील आहे. १९३४ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दाराजवळच्या तुडुंब भरलेल्या टाक्यात हातपाय धुतले. इतक्यात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ, 'ढेडांनी टाके बाटवले' अशा अर्थाचे ओरडत धावून आला. बऱ्याच वादावादीनंतर किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली, तीही आत कोठे पाण्यास शिवू नये या अटीवर, बरोबर पहारेकरी देऊन. विटाळाची कल्पना एकाच धर्माच्या कुंपणात राहिली नव्हती, हे दाखवण्यासाठीच बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे.

महाडचा इतिहास वाचकांना पाठ आहे. तो येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने संमत केला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, आणि २० मार्च १९२७ रोजी ते प्रत्यक्षात खुले केले गेले. त्यानंतर तळ्याची 'शुद्धी' झाली. घागरींनी पाणी उपसून काढले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे मिश्रण तळ्यात ओतले. परिसर अभ्यासाच्या शिक्षकाने हा प्रसंग अवश्य वर्गात आणावा. माणसांनी पाणी प्याल्यामुळे तळे 'अशुद्ध' झाले आणि शेण-गोमूत्र ओतल्यामुळे ते 'शुद्ध' झाले. यांपैकी कोणत्या कृतीने पाण्याची गुणवत्ता बदलली, हे चौथीतले मूलही सांगू शकेल. पाणी तपासण्याचे शास्त्र आणि समतेचे शास्त्र येथे एकाच भांड्यात उतरतात. त्या तळ्यावरील हक्काचा खटला पुढे १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात निकाली निघाला. दहा वर्षे एका तळ्यासाठी.

संविधानात या दहा वर्षांचा ठसा आहे. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. आमच्या मते भारतीय परिसरशिक्षणाचा हाच पहिला कायदेशीर आधार होय. पर्यावरणाचे लेखक मात्र सहसा १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून आरंभ करतात. त्या दुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ आणि ५१-अ आले. वने, सरोवरे, नद्या व वन्य जीवन यांचे रक्षण करणे व प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. प्राणिमात्रांविषयी करुणेची प्रतिज्ञा नागपूरच्या दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी लोकांनी, त्या दुरुस्तीच्या वीस वर्षे आधी, घेतली होती; ही नोंद जाता जाता करून ठेवणे अस्थानी होणार नाही. कर्तव्याचा अनुच्छेद शाळेच्या पुस्तकात छापला जातो. विहिरीचा अनुच्छेद त्याच्या शेजारी छापला गेला, तर कर्तव्य कोणावर आणि हक्क कोणाचा, हे मुलांना एकदमच कळेल.

यानंतरचा शासकीय इतिहास थोडक्यात सांगता येतो. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर सक्तीचा करण्याची आवश्यकता सांगितली. बारा वर्षे गेली. १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयास पुन्हा आदेश द्यावा लागला, तेव्हा अंमलबजावणीस वेग आला. दरम्यान २००१-०२ मध्ये राष्ट्रीय हरित सेना शाळांतून सुरू झाली होती. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने प्राथमिक स्तरावर विज्ञान व सामाजिक शास्त्र यांना परिसर अभ्यासात एकत्र आणण्यावर भर दिला, ही दिशा निश्चितच चांगली होती. व्यवहारात मात्र वृक्षारोपणाचा दिवस, घोषवाक्यांची फेरी आणि प्रकल्पाची वही यांपलीकडे अनेक शाळा गेल्या नाहीत. न्यायालय विषय सक्तीचा करू शकते, प्रश्न सक्तीचा करू शकत नाही.

बाबासाहेबांनी मात्र झाडांचा धडा आदेशावाचून दिला होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे औरंगाबादचे महाविद्यालय १९५० साली सुरू झाले आणि त्याच्या माळरानावरील आवारास 'नागसेनवन' हे नाव मिळाले. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांचे नाव संस्थेस, आणि 'वन' हा शब्द जागेस. त्या आवारात झाडे लावण्याचा आणि जगवण्याचा बाबासाहेबांचा आग्रह मराठवाड्यातील जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणींतून सर्वश्रुत आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतून तेथे आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांना, ज्यांच्या वस्त्या गावाबाहेर होत्या, आपल्या म्हणता येईल अशी सावली तेथे मिळाली.

आता पुन्हा बिलोलीकडे येऊ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचा नांदेड जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. पण देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे वगळली गेली आणि आंध्रात गेली. भाषेच्या न्यायाने काढलेली ही रेषा नदीच्या न्यायाने काढलेली नव्हती, काढता आलीही नसती. मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटच्या डोंगरात उगम पावते, लातूरच्या भागातून कर्नाटकातील बीदरकडे जाते, तेलंगणात शिरते, आणि तेथून उत्तरेस वळून बिलोलीच्या काठाशी परत येते. वाटेत तिचे पाणी अनेकदा अडते. निजामसागर हे त्यांपैकी जुने धरण. नवाब अली नवाज जंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते १९२३ ते १९३१ या काळात बांधले गेले. पुढे हैदराबाद शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठीही याच नदीवर भिस्त ठेवली गेली. बिलोलीच्या काठाला जे पाणी येते, ते इतक्या सगळ्यांच्या तहानेतून उरलेले असते.

उगमाकडच्या अंगालाही तीच गोष्ट. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली दहा वाघिणींची, पाच लाख लिटर पाण्याची गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचली. त्यापूर्वी मार्चमध्ये शहरातील पाणी भरण्याच्या जागांवर जमावबंदीचा हुकूम लावावा लागला होता. पाण्याजवळ माणसांनी जमू नये, असा हुकूम. इतिहास जाणणाऱ्यास या वाक्यात जुने काही ऐकू येते. मात्र या वेळी तो सर्व जातींना सारखा लागू होता. लातूर भागातील उसाच्या विस्ताराबद्दल त्या वर्षी बरीच चर्चा झाली. पाऊस कमी पडला हे खरे होते, आणि पडलेल्या पावसातले किती पाणी कोणत्या पिकाने घेतले, हा प्रश्नही खरा होता. परिसराच्या धड्यात पहिले कारण असते.

बिलोलीच्या वाट्याला मांजरेचे आणखी एक धन आले आहे, ते म्हणजे वाळू. येसगीच्या परिसरातील रेतीस दूरवर मागणी आहे. नदीच्या पात्रातील वाळू पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात पात्र कोरडे दिसत असता वाळूत खड्डा केला तर पाणी झिरपून येते, आणि काठच्या विहिरींना त्याच ओलाव्याचा आधार असतो. वाळू पात्राच्या तळापर्यंत उपसली म्हणजे हा साठा संपतो. बांधकामाला वाळू लागते, मजुराला उपशावर काम मिळते, शासनाला घाटांच्या लिलावातून महसूल मिळतो, आणि विहीर खोल जाते. या चारही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली. काठच्या गावातील मुलाच्या घरी कोणी ट्रॅक्टर चालवतो, कोणी पाटी उचलतो, कोणाची विहीर आटते. 'वाळूचे रक्षण करा' असे फळ्यावर लिहून हा विषय संपत नाही. राहुलाचा आरसा येथे काढावा लागतो : या कृतीने मला, इतरांना, दोघांना काय होते?

गायरानाचेही तसेच. भूमिहीनांच्या जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह झाले. मराठवाड्यातील दलित कुटुंबांनी पडीक गायरान कसून पोट भरले आणि १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग काढला. उलट बाजूस २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमाती यांना दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवाद मात्र मान्य केले. गायरान राखावे की कसावे? पर्यावरणाच्या नावाने दुबळ्याची दोन एकर जमीन मोकळी करून घेणे सोपे असते, धनदांडग्याचे कुंपण हलवणे कठीण असते. हे मुलांपासून लपवून परिसराचे प्रेम शिकवता येईल असे आम्हांस वाटत नाही. त्याच वेळी हेही सांगावे लागेल, की गायरान संपले म्हणजे ज्यांच्याजवळ जमीन नाही पण दोन शेळ्या आहेत, त्यांचेच आधी संपते.

राहता राहिला गोदावरीचा तंटा. बिलोलीच्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे महाराष्ट्राने बंधारा बांधला. त्याची साठवण क्षमता २.७४ अब्ज घनफूट. खालच्या अंगाला पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे. त्याचे पाणी अडेल म्हणून आंध्र प्रदेश न्यायालयात गेला. आंदोलने झाली, दोन्ही काठांवर भाषणे झाली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. बंधाऱ्यास परवानगी मिळाली. परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात त्याचे दरवाजे उघडे ठेवावयाचे, आणि दरवर्षी १ मार्चला ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावयाचे. देखरेखीसाठी तीन जणांची समिती : एक केंद्रीय जल आयोगाचा, एक महाराष्ट्राचा, एक आंध्राचा, पुढे तेलंगण वेगळे झाल्यावर पलीकडची बाजू तेलंगणाकडे आली.

दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी आणि त्यांच्यात एक तिसरा. शाक्य संघापुढे सिद्धार्थाने मांडलेली सूचना पाच जणांची होती, ही तीन जणांची. ती फेटाळली गेली, ही अंमलात आली. या निवाड्याने सर्वांचे समाधान झाले असे नाही. पावसाळ्यात दरवाजे उघडे ठेवल्यावर साठवावयाचे काय, ही या काठच्या शेतकऱ्यांची तक्रार आहे, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे. पलीकडच्या काठावरही शेतकरीच आहेत. मुलांना बाभळीस नेऊन ही दोन्ही म्हणणी सांगता येतात. रोहिणीच्या दोन काठांची नावे बदलून वर्गात वाद घालावयास लावता येतो.

या तालुक्यात त्यासाठी शाळांची उणीव नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. सगरोळीस १९५९ पासून संस्कृती संवर्धन मंडळाचे शैक्षणिक कार्य चालू आहे आणि तेथेच कृषी विज्ञान केंद्रही आहे. विहारांतून चालणारे बालसंस्कार वर्ग हे वेगळे साधन आहे. तेथे परीक्षा नसते, पुस्तक संपवावयाचे नसते. आषाढ पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेस संपतो. बाभळीचे दरवाजे ज्या काळात उघडे राहतात तो काळ जवळजवळ हाच. वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन विहारोविहारी होते. रोहिणीचे प्रकरण त्यात अगदी आरंभी येते, म्हणजे मांजरेला पहिला पूर आलेला असतो तेव्हा.